‘तब्येत तर छान दिसतेय!’ : न दिसणारं दुखणं घेऊन जगणाऱ्यांसाठी धागा

मालदांडी | ११ मे, रात्री १०.२०

काल १० मे, जागतिक ल्युपस दिन. सात वर्षं हा आजार माझ्या अंगात आहे आणि आमच्या गल्लीत दोन घरं सोडली तर कोणाला त्याचं नावही माहीत नाही. त्यांना दोष देत नाही. मी चालते, बोलते, संध्याकाळी सहा ते आठ गणिताच्या शिकवण्या घेते. लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक बाई म्हणते, ‘तब्येत तर छान दिसतेय!’ ते ऐकलं की पुढचं बोलणं घशातच राहतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या अवयवांवर उलटते, तो ल्युपस. सांधे, कातडी, मूत्रपिंडं, रक्त, कशावरही. दहा रुग्णांतल्या नऊ बायका असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या. माझी सुरुवात बारीक तापाने झाली. मग तोंडात फोड, केस मुठीने गळणं, सकाळी बोटं वळेनाशी होणं. टायफॉईड झाला, थायरॉईड झाला, अशक्तपणाच्या सलाईनी झाल्या. एका ठिकाणी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं गेलं की घरात काही ताण आहे का बघा, मनाचं वाटतंय. त्या दिवशी रिक्षातून घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. तोही विचारात पडला असेल याची मला भीती वाटत होती. दोन वर्षांनी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी माझी बोटं हातात घेतली आणि विचारलं, ‘उन्हात गेल्यावर जास्त होतं का?’ मी तिथेच रडले. आजाराचं नाव कळल्यावर कोणाला आनंद होतो का? मला झाला.

ऊन. सोलापुरात राहून हा आजार असणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी ल्युपस उसळतो, खिडकीच्या काचेतूनही त्यातले काही आत येतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३. शाळेतली नोकरी मी सोडली ती मैदानावरच्या परिपाठामुळे. रोज वीस मिनिटं उन्हात उभं राहायचं आणि रात्री ताप. सवलत मागितली तर ‘सगळ्यांनाच ऊन लागतं, मॅडम’. एक मात्र आहे. उन्हाळ्यात अख्खं सोलापूर तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतं, तेव्हा मी चारचौघींसारखी दिसते. डिसेंबरात तोच स्कार्फ, तीच छत्री घेऊन निघाले की लोक वळून बघतात. म्हणून मला उन्हाळा दुखवतो आणि हिवाळा एकटं पाडतो.

आता ज्यासाठी धागा काढला ते. ‘आशा सोडू नकोस’ असं सगळे म्हणतात. पहिली दोन-तीन वर्षं मी आशेचा अर्थ ‘बरी होईन’ असा धरला होता. दर तीन महिन्यांच्या रक्त-लघवीच्या तपासणीआधी देवाला नवस, आणि रिपोर्ट बिघडला की आठ दिवस भिंतीकडे तोंड. त्या आशेने मला फार मारलं.

बदल झाला तो नळाच्या पाण्यामुळे. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो. पाणी सुटलं की आधी पिण्याचे हंडे, मग पिंप, मग हौद, आणि पुढचे दिवस हिशेबाने. सासूबाई कितीही अडचण असली तरी एक कळशी झाकून कोपऱ्यात ठेवतात, तिला कोणी हात लावायचा नाही. पाहुणा आला, नळ एक दिवस उशिरा आला, तर ती कळशी. एकदा दुखण्याने पडून होते आणि समोर ती कळशी दिसत होती. मनात आलं, माझ्या अंगातली शक्तीही अशीच येते. रोज येत नाही, सांगून येत नाही, आली की मी वेड्यासारखी सगळी एका दिवसात धुण्या-भांड्यांवर ओतून टाकते आणि पुढचे चार दिवस कोरडी.

तेव्हापासून मी एक कळशी आधी भरते. ती माझ्या आवडीच्या गोष्टीची. कर्तव्याची नव्हे, औषधपाण्याची नव्हे. मला आवडतं म्हणून करायची एक गोष्ट, तारीख घालून. फेब्रुवारीत मंगळवेढ्याजवळ मावशीच्या शेतात हुरडा, संध्याकाळी ऊन कलल्यावर. मार्चमध्ये दहावीच्या मुलींना निरोपाला स्वतःच्या हाताने धपाटे. त्या तारखेच्या आधी तीन दिवस मी शिकवणी सोडून दुसरं काही करत नाही. घरात धूळ राहते. राहू दे.

मला वाटतं माझी आशा आता तेवढीच आहे, पुढच्या एका तारखेएवढी. पण ती मोडत नाही. तुम्ही कसं करता? कोणताही आजार असो, जो बाहेरून दिसत नाही. सांगा.

उभा_धागा | ११ मे, रात्री ११.४५

ताई, जागाच आहे. आमचं दुखणं रात्री दोननंतर जास्त चढतं म्हणून झोपायलाच नको वाटतं.

मी पूर्व भागातला. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर जॉबर आहे. वय ३६. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. पाठीच्या मणक्याचा संधिवात, बहुतेकांना चाळिशीच्या आत लागतो. मला २४ व्या वर्षी लागला आणि नाव कळलं ३१ व्या वर्षी. सात वर्षं ‘गादी सरकलीय’ म्हणून पट्टा, मालिश, आराम. आणि आरामानेच वाढायचं! आमच्या दुखण्याची हीच खूण आहे, पडून राहिलं की आखडतं, चाललं-फिरलं की सुटतं. सकाळी तासभर वाकून मोरीपर्यंत जाता येत नाही आणि दहा वाजता मी मागाच्या खाली शिरून दुरुस्ती करतो. मालक म्हणतो, सकाळी नाटक करतो काय. त्याला कसं पटणार? मलाच पटत नव्हतं.

तुमचं कळशीचं वाचलं आणि आईची आठवण आली. आमच्या घरीही तसंच होतं.

माझी कळशी म्हणजे पहाटेचं पोहणं. फिजिओ म्हणाले पाण्यात व्यायाम कर, मणका धरत नाही. पाण्यात असताना मला मी बारा वर्षांचा वाटतो. तेवढा पाऊण तास आजार नसतो म्हटलं तरी चालेल.

एक विचारायचं होतं. एसटीत मी राखीव जागेवर बसलो तर लोक उठवतात, धडधाकट दिसतोय म्हणून. आपल्याला सर्टिफिकेट मिळतं का?

औषधांच्या_दुकानातून | १२ मे, सकाळी ९.०५

दादा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होते. नव्या यादीत सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन असे बाहेरून पटकन न दिसणारे आजार आले, ही मोठी गोष्ट झाली. ल्युपस किंवा तुमचा मणक्याचा संधिवात नावाने त्यात नाही. पण त्यामुळे मान, कंबर, खुबा कायमचा आखडला असेल तर हालचालीचं अपंगत्व म्हणून तपासणी होऊ शकते. सिव्हिलमध्ये मंडळापुढे जाताना जुने एक्स-रे, एमआरआय सगळे न्या.

मालदांडी ताई, तुमच्यासारखे चार ग्राहक माझ्याकडे आहेत. मार्च २०२० आठवतो? कोरोनावर चालेल अशा बातमीवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे तुमची ल्युपसची रोजची गोळी, लोक पाकिटंच्या पाकिटं मागायला लागले. ताप नाही, काही नाही, घरात असावी म्हणून. सरकारने त्याच महिन्यात निर्यात थांबवली आणि गोळी एच-वन अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही अशा औषधांत, टाकली, पण तोवर माझ्या घाऊक विक्रेत्याकडेही माल संपला होता. मी उरलेल्या पट्ट्या त्या चौघींच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून आतल्या कपाटात ठेवल्या. गल्ल्यावर शिव्या खाल्ल्या. ज्यांच्यासाठी ती गोळी रोजची आहे, त्या बंद करून कशा जगल्या असत्या? असो, आज लिहावंसं वाटलं.

दोन गोष्टी दुकानदार म्हणून सांगतो. या गोळीवर असणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा सुरुवातीला आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा तपासून घ्यावा. आणि स्टेरॉइडची गोळी बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, माणूस कोसळतो.

हितचिंतक | १२ मे, दुपारी १.३०

राग मानू नका. माझ्या मेव्हणीलाही असंच सांधेदुखीचं होतं. एका गावात पुडी देतात, आठ दिवसांत उठून कामाला लागली. चेहराही भरला. पत्ता हवा असेल तर सांगतो.

औषधांच्या_दुकानातून | १२ मे, दुपारी २.१०

काका, तुमचा हेतू चांगला आहे म्हणून स्पष्ट सांगतो. आठ दिवसांत सांधे मोकळे आणि चेहरा गोल, ही खूण मी अनेकदा पाहिली आहे. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मेव्हणीबाईंची साखर, रक्तदाब आणि हाडं एकदा तपासून घ्या, आणि पुडी अचानक थांबवू नका, डॉक्टरांना दाखवून थांबवा. कृपा करून इथे पत्ता टाकू नका.

हितचिंतक | १२ मे, रात्री ८.००

साखर तपासली. २८० आहे. उद्या नेतो. धन्यवाद.

सगळं_नॉर्मल | १२ मे, रात्री ११.१५

मला हा धागा वाचून राग येतोय, आणि तो इथेच लिहिते कारण दुसरीकडे कुठे लिहू?

तुमच्याकडे निदान रक्तात काहीतरी सापडतं. मला फायब्रोमायल्जिया आहे. अंगभर दुखणं, झोपून उठलं तरी रात्रभर खडी फोडल्यासारखं, डोक्यात धुकं. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे देवापुढे साखर ठेवतात आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडते. काहीतरी निघावं अशी इच्छा करणारी बाई किती वाईट असेल, असं मलाच वाटतं. माझी आई गेली तेव्हा दहाव्याच्या दिवशी मी पाहुण्यांना वाढू शकले नाही. आत्या म्हणाली, ‘हिचं नेहमीचंच.’ आता दोन वर्षं झाली त्या शब्दाला.

आशा वगैरे मला नको. मला फक्त कोणीतरी खरं मानायला हवं आहे.

मालदांडी | १३ मे, सकाळी ७.५०

मी मानते. तुमचं दुखणं खरं आहे.

रात्री वाचलं तेव्हापासून काय लिहावं सुचत नव्हतं, म्हणून एवढंच आधी लिहिते. तुम्ही वाईट नाही. मला निदान झालं त्या दिवशी मीही आनंदाने रडले होते, वर लिहिलंच आहे. तुम्ही तेच मागताय.

माझ्या डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं की फायब्रोमायल्जियात सांध्यांत सूज नसते म्हणून तपासणीत काही येत नाही. मेंदू आणि मज्जासंस्था वेदनेचा आवाज वाढवून ऐकवतात. रेडिओच्या बटणासारखं. आवाज खरा असतो, ऐकणारा खोटं बोलत नसतो. आत्याबाईंना हे सांगून उपयोग होईल का माहीत नाही. मी माझ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटणीची ज्वारी त्यांनी गिरणीत नेली.

आशा नको असेल तर ठेवू नका. या धाग्यावर या, एवढं करा.

घरचा_माणूस | १३ मे, दुपारी ३.४०

माझ्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मी बँकेत आहे, होटगी रोडला राहतो. इथे बहुतेक रुग्ण आहेत, तरी विचारतो. आम्ही घरच्यांनी काय करावं? रोज संध्याकाळी ‘बरं वाटतंय का?’ विचारतो आणि ती चिडते. न विचारलं तरी चिडते.

मालदांडी | १३ मे, रात्री ८.३५

दादा, ‘बरं वाटतंय का’ला उत्तरच नसतं. ‘हो’ म्हटलं तर खोटं आणि ‘नाही’ म्हटलं तर तुमचा चेहरा उतरतो, मग आम्हीच तुम्हाला धीर देत बसतो. आमच्या घरी मुलगा विचारतो, ‘आई, आज पिंपात किती?’ मी ‘अर्धं’ म्हणते, ‘तळाला’ म्हणते. तळाला असेल तर तो कुकर लावतो. विषय संपला. तुमच्या घरचा शब्द तुम्ही दोघं शोधा.

आणि नातेवाइकांसमोर तिच्या वतीने तुम्ही बोला. ‘ती येणार नाही’ हे तिने सांगितलं की नखरे होतात, तुम्ही सांगितलं की निरोप होतो. हे बरोबर नाही, पण आज तसंच आहे.

सगळं_नॉर्मल | १३ मे, रात्री ९.२०

पिंप तळाला आहे. पण वाचतेय.

रातराणी | १९ मे, पहाटे ३.१०

मी नवीन आहे. वय १९. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. मागच्या आठवड्यात एएनए (ल्युपसच्या संशयावरून करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलं, लघवीत प्रथिनं जातात. डॉक्टर म्हणाले ल्युपस वाटतो, मूत्रपिंडाची बायोप्सी करू. रोज रात्री मोबाइलवर वाचते. सगळीकडे मरणाचंच लिहिलंय. आई म्हणते कोणाला सांगू नकोस, लग्नाला अडचण येईल. ताई, मी किती वर्षं जगेन?

मालदांडी | १९ मे, सकाळी ६.१५

अगं बाळा, आधी मोबाइल ठेव आणि काहीतरी खा.

आता ऐक. नुसतं एएनए पॉझिटिव्ह निरोगी माणसांतही सापडतं, पण तुझ्या लघवीत प्रथिनं आहेत म्हणून डॉक्टर बायोप्सी म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पाठीतून बारीक सुईने तुकडा घेतात, जागा बधिर करून. माझी झाली आहे. भीती जास्त होती, दुखलं कमी. कोणत्या वर्गाचा त्रास आहे हे त्यात कळतं आणि औषध त्यावर ठरतं. ती टाळू नकोस, लांबवू नकोस. मूत्रपिंड दुखून सांगत नाही.

तू वाचतेस त्यातलं बरंच जुनं असणार. १९५० च्या दशकात निदानानंतर चार-पाच वर्षांत निम्मे रुग्ण जायचे. आज नीट उपचार घेणाऱ्यांत दहा वर्षांनीही दहातले नऊ जण असतात. मी सातव्या वर्षात आहे आणि तुला सकाळी सव्वासहाला चहा पीत लिहितेय.

लग्नाचं आज नको. आईवर रागावू नकोस, तिला दुसरं काही करता येत नाहीये म्हणून ती लपवते आहे. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर मला निरोप धाड.

चिंचेचं_झाड | १९ मे, सकाळी १०.००

रातराणी, मीही ल्युपसवाली, बार्शीची. मी बघायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. तिघे परत आले नाहीत. त्या प्रत्येक वेळी मी आठवडाभर जेवले नाही, ते सोपं होतं असं सांगणार नाही. पण मग जो आला त्याने औषधांची नावं कागदावर लिहून घेतली. आज मुलगी चार वर्षांची आहे. आजार सहा महिन्यांहून जास्त शांत होता, काही औषधं आधीच बदलून घेतली होती, संधिवाताचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून चालत होते. ठरवून झालं सगळं. लपवलं असतं तर हे ठरवता आलं नसतं.

उभा_धागा | २ जून, रात्री १.५०

रातराणी, बायोप्सीचं काय झालं? आम्ही विचारात आहोत.

रातराणी | ४ जून, संध्याकाळी ६.३०

झाली. चौथा वर्ग. स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू केलं. चेहरा सुजलाय, मैत्रिणींना फोटो पाठवत नाही. आई ताईंशी तासभर बोलली. काय बोलली ते सांगत नाही, पण आता डबा उघडून गोळ्या तीच मोजते.

मालदांडी | १८ जानेवारी, रात्री ९.००

धागा वर काढते. आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेबद्दल सांगायचं आहे.

लहानपणापासून यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, चुकवला नव्हता. वडील पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालायचे, मी त्यांचं बोट धरून, अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यापर्यंत. आजारानंतर भोगीच्या दिवशीचं दुपारचं ऊन आणि गर्दी मला शक्य नाही, म्हणून यंदा कळशीवर तारीख घातली ती किंक्रांतीच्या रात्रीची, होम मैदानावरच्या दारूकामाची. रात्री ऊन नसतं. अक्षता घरात टीव्हीवर पाहिल्या. ‘सत्यम सत्यम’ सुरू झालं तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात तांदूळ दिले आणि आम्ही दोघींनी टीव्हीसमोरच टाकले.

किंक्रांतीला मुलाने घडीची खुर्ची घेतली. मैदानाच्या कडेला बसलो. पंचवीस मिनिटं पाहिलं, मग गुडघे बोलायला लागले आणि आम्ही अर्ध्यातून उठलो. घरी येईपर्यंत मागे आवाज येत होते. दुसऱ्या दिवशी बोटं वळत नव्हती, दोन दिवस पडून होते. ते आधीच हिशेबात धरलं होतं, दोन दिवसांची शिकवणी मुलांना आधीच सुट्टी सांगून ठेवली होती.

वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच यात्रेतला धूर नाकात गेला.

सगळं_नॉर्मल | १८ जानेवारी, रात्री १०.२५

माझीही एक तारीख आहे, फेब्रुवारीत. काय ते आत्ता सांगत नाही.

रातराणी | १९ जानेवारी, सकाळी ११.४०

लघवीतली प्रथिनं निम्म्याहून खाली आली. परीक्षेचा फॉर्म भरलाय. मार्चमध्ये आहे. वर्ग वरच्या मजल्यावर आला तर गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही, आणि तीन तास लिहिताना बोटं आखडतात. खालचा वर्ग आणि जास्तीचा वेळ मागता येतो का? माझ्याकडे बघून कोणालाच पटणार नाही.

उभा_धागा | १९ जानेवारी, दुपारी १२.०५

अर्ज आजच लिही, तोंडी सांगत बसू नकोस. डॉक्टरांची चिठ्ठी जोड, त्यात बोटं आणि गुडघे दोन्हींचा उल्लेख हवा. प्राचार्यांच्या नावाने दोन प्रती कर, एकीवर पोच घे. विद्यापीठाचा परीक्षा विभाग काय कागद मागतो ते कॉलेजच्या क्लार्ककडून लिहून घे. आणि एकटी जाऊ नकोस. माझी दुसरी पाळी आहे, दुपारी चारपर्यंत मोकळा असतो. आईला विचारून सांग, कॉलेजपाशी येतो.